उद्यानविद्या: बीएस्सी आणि एमएस्सी जोडून करावं का? (सोलापूर)

माणकाठची_आत्या
नमस्कार मंडळी. भाची यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीही दिली. गाव सांगोला तालुक्यात, घरी डाळिंब. पोरीला हॉर्टिकल्चरच करायचंय, त्यावर घरात वाद नाही. वाद वेगळाच आहे. एका खासगी संस्थेचा माणूस घरी येऊन गेला. म्हणे पाच वर्षांत बीएस्सी-एमएस्सी दोन्ही, प्रवेश एकदाच, मधे परीक्षा नाही, एक वर्ष वाचतं. भाऊ तिथंच विरघळला. मला मात्र पाच वर्षांची फी एकदम बांधून घेतल्यासारखं वाटतंय. या शाखेत कुणी शिकलंय का इथं? सोलापूरपासून फार लांब नको, पण गरज पडली तर पाठवू.

डोळाभरणी
आत्या, मी फळशास्त्रात एमएस्सी केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्या कृषी विद्यापीठांत ही वाट सरळ दोन टप्प्यांची आहे. बीएस्सी (ऑनर्स) उद्यानविद्या चार वर्षं. मग वेगळी प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी दोन वर्षं. सोलापूर जिल्हा राहुरी विद्यापीठाकडे येतो आणि त्यांचं उद्यानविद्या महाविद्यालय पुण्यात आहे. दापोली, अकोला, परभणीकडेही हे शिक्षण आहे, पण तुमच्यासाठी पुणं सोयीचं.

आता ते वाचणारं वर्ष. एमएस्सीला साधारण ७० क्रेडिट (अभ्यासाच्या वजनाची एककं) असतात, त्यातली ३० एकट्या थिसिसची, म्हणजे संशोधन प्रबंधाची. म्हणजे पदवीचा जीव प्रयोगात असतो. आणि आपला प्रयोग झाडावर. डाळिंबाचा बहार धरायचा म्हणजे ताण, पानगळ, पाणी, फूल, सेटिंग (फळ धरणं) आणि मग काढणीपर्यंत पाच-सहा महिने. पहिले काही महिने कोर्सवर्क आणि विषय ठरवण्यात जातात. दोन वर्षांच्या एमएस्सीतसुद्धा बऱ्याच पोरांच्या हाती नीट एकच बहार लागतो. त्यात मृगात पाऊस लांबला, तेल्या रोग आला, की निरीक्षणांचा निम्मा तक्ता रिकामा. मग वर्ष कापायचं तर कुठून? बहुतेक थिसिसमधूनच. भाजीपाल्यात एक वेळ जमेल, कारण टोमॅटो-मिरचीचा हंगाम आखूड. फळझाडात मला तरी पटत नाही.

दुसरं म्हणजे एमएस्सी कशात करणार? फळशास्त्र, भाजीपाला, फुलशेती आणि लँडस्केप, काढणीपश्चात तंत्रज्ञान, सगळ्यांची दुनिया निराळी. सतरा-अठराव्या वर्षी हे कुणाला कळतं? चौथ्या वर्षी गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम करायचं सत्र असतं. तिथं बऱ्याच जणांचा विचार बदलतो. माझ्या वर्गातले फुलशेतीचं ठरवून आलेले दोघं शेवटी पॅकहाउसच्या, म्हणजे काढणीनंतर माल निवडून पॅक करण्याच्या विषयाकडे वळले.

बार्शीचा_बँकवाला
नोकरीच्या बाजूनं सांगतो. बँकेत कृषी क्षेत्र अधिकारी व्हायला आयबीपीएसला (बँकभरतीची परीक्षा घेणारी संस्था) कृषी किंवा उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी लागते. एमएस्सी लागत नाही. तेव्हा त्या संस्थेला एकच प्रश्न विचारा: चौथ्या वर्षाअखेर बीएस्सीचं स्वतंत्र प्रमाणपत्र देणार का? आणि उत्तर लेखी घ्या. पाचव्या वर्षी दोन्ही मिळणार असतील तर मधे घरची अडचण आली म्हणजे पोरगी अधांतरी. भारतीय कृषी संशोधन परिषदेची अधिस्वीकृती आहे का, हेही बघा. नुसतं "मान्यताप्राप्त" लिहिलेलं असेल तर कुणाची मान्यता ते विचारा.

दूरदेशी_हुरडा
ही कल्पना अमेरिकेतून आलेली दिसते. इकडं काही विद्यापीठांत फलोत्पादनातही अशी सोय आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षात मास्टर्सचे काही विषय घ्यायचे आणि ते दोन्ही पदव्यांत मोजले जातात, म्हणून सहाऐवजी पाच वर्षं. पण ती सोय तिथंच पदवी करणाऱ्यांना आणि चांगले मार्क असणाऱ्यांना. आणि अशा मास्टर्समध्ये बऱ्याचदा थिसिस नसतो, कोर्सवर्कवरच भागतं. भारतात चार वर्षांची बीएस्सी करून इकडं यायचं असेल तर थेट मास्टर्सला अर्ज करता येतो, जोड-पदवीची गरज नाही. प्राध्यापकाच्या प्रकल्पावर असिस्टंटशिप (शिकताना कामाचं मानधन) मिळाली तर फीचं ओझंही उतरतं.

भगवा_बाग
आमचं शिक्षण बारावी नापास, तरी बोलतो. आत्या, पोरीला घेऊन आधी सोलापूरजवळ केगावला जाऊन या. पुणे हायवेवर राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. 'सोलापूर लाल' वाण तिथलाच, लोह आणि जस्त जास्त असलेला. शास्त्रज्ञ म्हणजे नेमकं काय काम करतात ते तिला दिसू द्या. वाण काढायला किती वर्षं लागतात हे ऐकलं की वर्षभराच्या घाईचं कुणालाच काही वाटणार नाही.

मर रोगानं आमच्या शेजारची अख्खी बाग काढावी लागली. तेव्हा कुणाची डिग्री किती वर्षांची ते कुणी विचारलं नाही. मुळाशी बघून सांगणारा माणूस पाहिजे होता.

डोळाभरणी
भगवा भाऊंना अनुमोदन. विद्यापीठाचा करार असेल तर एमएस्सीचा थिसिस अशा केंद्रातही करता येतो. सांगोल्याच्या पोरीनं केगावात मर रोगावर काम केलं तर अजून काय पाहिजे!

सातबारा_कोरा
प्रवेशाला शेतकऱ्याच्या मुलांना अधिभार, म्हणजे जादा गुण मिळतात. सातबारा आत्ताच काढून ठेवा. आमच्याकडं ऐन वेळी तलाठी रजेवर.

माणकाठची_आत्या
सगळ्यांचे आभार. भावाला सगळं वाचून दाखवलं. जरा नरमलाय, पण "मधे परीक्षा नाही" हे अजून डोक्यातून जात नाही. केगावला या आठवड्यात जातोय. एक शंका: पुण्याला हॉर्टिकल्चर नाहीच मिळालं आणि जवळ कुठं बीएस्सी ॲग्री मिळालं, तर?

डोळाभरणी
घ्या बिनधास्त. ॲग्री करून फळशास्त्रात एमएस्सी करता येतं, माझ्या बॅचला निम्मे तसेच होते. हॉर्टिकल्चर करून ॲग्रोनॉमीसारख्या (पीकशास्त्र) विषयाकडं जायचा रस्ता तितका मोकळा नाही. म्हणून पसंतीक्रम भरताना पुण्याचं हॉर्टिकल्चर वर ठेवा, खाली जवळची चांगली ॲग्री कॉलेजं. आणि भावाला सांगा, एमएस्सीसाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेची देशपातळीवरची परीक्षा असते, ती चांगली दिली तर राज्याबाहेरच्या कृषी विद्यापीठांतही जाता येतं, वर स्कॉलरशिपचीही संधी. ती चुकवण्यात फायदा कसला?