श्टुटगार्टमधील मुक्काम आणि दोघांच्या सहली : अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे

शेवंता

नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोघे गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस पुण्याहून जर्मनीत श्टुटगार्टला राहायला आलो. घर मिळाले आहे, निवासपरवान्याची कार्डे हाती आली आहेत, डाळी आणि मसाले कुठे मिळतात तेही कळले आहे. मुक्काम तीन वर्षांचा ठरला आहे आणि ही वर्षे घर, ऑफिस व किराणा यांतच सरून जाऊ नयेत, अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी की सहलींबाबत आमची मते जुळत नाहीत. ह्यांचे म्हणणे, रजा मोजक्या आहेत, तेव्हा त्या साठवून पॅरिस, रोम, प्राग, स्वित्झर्लंड ही मोठी ठिकाणे एकेक करून पाहून घ्यावीत. इतक्या जवळून पाहण्याचा योग पुन्हा येणार नाही. मला मात्र जिथे राहतो तो मुलूख आधी पायाखाली घालावा असे वाटते. मी लग्नाआधीपासून सह्याद्रीतले गड चढत आले आहे, त्यामुळे गावाबाहेर पडताच दिसणाऱ्या डोंगरांची नावेसुद्धा ठाऊक नसावीत हे मला सलते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच निर्णय होत नाही. रविवारी दुकाने बंद असल्यामुळे शनिवार खरेदीत जातो, आणि रविवारी कुठे जायचे हे ठरेपर्यंत दुपार होते. आठवड्याचे इतर दिवस मी घरी एकटीच असते. सकाळचा जर्मनचा वर्ग सोडला तर बाहेर पडण्याचे निमित्त नसते.

येथे जोडीने राहिलेल्या किंवा राहत असलेल्या मंडळींनी सहलींची घडी कशी बसवली? 'डॉइचलांड टिकेट' हा देशभर चालणारा मासिक प्रवासपास दोघांनी घेणे परवडते का? शेजारच्या देशांत जाताना कोणती कागदपत्रे लागतात? आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, अंडे चालते.

नेकारकाठ

शेवंताताई, आम्ही दोघे येथे बरीच वर्षे राहत आहोत आणि तुमच्यासारखीच सुरुवात आमचीही झाली होती, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटाकडे आले आहे : आठवड्याचे इतर दिवस तुम्ही घरी एकट्या असता. पॅरिस आधी की डोंगर आधी हा वाद मला दुय्यम वाटतो. नवऱ्याच्या नोकरीमागे परदेशी आलेल्या आपल्यासारख्या बायकांची सगळी भटकंती नवऱ्याच्या सुटीवर टांगलेली राहते, आणि मग पाच दिवस नुसती वाट पाहण्यात जातात. त्यामुळे रविवारवर इतके ओझे येते की कुठलीही सहल मनासारखी होत नाही. तुम्ही आठवड्यातला एक दिवस एकट्याने बाहेर पडा. गाव पाहा, वाटा पाहा, परतीच्या गाड्या पाहा, आणि जे आवडेल तिथे रविवारी ह्यांना घेऊन जा. त्या दिवशी वाट दाखवणाऱ्या तुम्ही असाल. आमच्या घरात हे सुरू झाले तेव्हापासून रविवारी सकाळची घासाघीस संपली, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे शहर मला स्वतःचे वाटू लागले.

तिकिटाचा हिशेबही यावरच ठरतो. डॉइचलांड टिकेट २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंना सुरू झाले, २०२५ मध्ये ५८ झाले आणि २०२६ च्या जानेवारीपासून महिन्याला ६३ युरो आहे. त्यावर देशभरातल्या शहरी बस, ट्राम, भुयारी रेल्वे आणि प्रादेशिक गाड्या चालतात. आयसीई, आयसी यांसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. ते व्यक्तीच्या नावावर असते, म्हणून दोघांना स्वतंत्र घ्यावे लागते आणि जवळ ओळखपत्र ठेवावे लागते. कंपनीने किमतीचा किमान २५ टक्के वाटा उचलला तर आणखी ५ टक्के सूट मिळते, तेव्हा ह्यांना ऑफिसात चौकशी करायला सांगा. केवळ रविवारसाठी तुमचे तिकीट कदाचित जड वाटेल, पण आठवड्यातला तुमचा फेरफटका धरला तर ते सहज वसूल होते. एखाद्या महिन्यात भारतात जाणार असाल तर आदल्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावे.

पहिल्या सहलीसाठी शहराबाहेरही जाऊ नका, रोटेनबर्गला जा. एस-बान या उपनगरी गाडीने उंटरट्युर्कहाइम, तेथून ६१ क्रमांकाची बस द्राक्षमळ्यांमधून वर नेते. टेकडीच्या माथ्यावर व्युर्टेमबेर्ग या येथल्या जुन्या राज्याचा राजा पहिला विल्हेल्म याने राणी काथारीना हिच्यासाठी बांधलेले समाधिमंदिर आहे. ही राणी रशियाच्या झारची बहीण. १८१६ मध्ये उन्हाळा पडलाच नाही, पिके गेली, मोठा दुष्काळ आला, तेव्हा तिने गरिबांसाठी मदतकार्य उभारले. १८१८ मध्ये बचतबँक निघाली ती तिच्याच पुढाकाराने. त्याच वर्षी राजाने कानश्टाटला शेतीचा उत्सव भरवला. आज दर शरद ऋतूत भरणारी 'कानश्टाटर वाझन' ही प्रचंड जत्रा त्यातूनच वाढली. १८१९ च्या जानेवारीत, अवघ्या तिसाव्या वर्षी, राणी गेली. तिच्या समाधीसाठी राजाने त्या टेकडीवरचा आपल्या घराण्याचा मूळ किल्ला पाडून टाकला. पुढे १८६४ मध्ये त्यालाही तिच्याशेजारीच ठेवण्यात आले. प्रवेशद्वारावर कोरले आहे की प्रेम कधी संपत नाही. आतले दालन साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळातच उघडे असते. पायऱ्यांवर बसून खालची नेकार नदी, कारखाने आणि मळे पाहायला मात्र कोणताही दिवस चालतो.

दुसरी सहल उल्मची करा, आणि तीही मुद्दाम साध्या प्रादेशिक गाडीने. २०२२ च्या डिसेंबरात नवा वेगवान मार्ग सुरू झाल्यापासून बहुतेक आयसीई बोगद्यांमधून जातात. प्रादेशिक गाडी अजून गाइसलिंगेनचा जुना घाट चढते. १८५० साली सुरू झालेला हा घाट आपल्या बोरघाटाहून १३ वर्षांनी जुना आहे, आणि कसाऱ्याला लागतात तशी मागून रेटा देणारी इंजिने येथेही जड मालगाड्यांना लावली जातात. उल्मला चर्चचा मनोरा १६१ मीटरांहून उंच आहे. पायाभरणी १३७७ ची आणि मनोरा पुरा झाला १८९० मध्ये. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाच्या सग्रादा फामिलियाने मागे टाकेपर्यंत तेच जगातले सर्वांत उंच चर्च होते. तुमच्या ह्यांना मोठी ठिकाणे पाहायची आहेत, तर त्यांतले एक तासाभरावर आहे, आणि त्यासाठी रजेची गरज नाही.

सह्यभटक

गड चढणाऱ्या व्यक्तीने विचारले आहे, तेव्हा मला राहवले नाही. तुम्ही म्हणता ते डोंगर म्हणजे श्वेबिश आल्ब. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा, हा ज्युरासिक काळात समुद्रतळाशी साचलेल्या चुनखडीचा. त्यामुळे पठारावर पाणी ठरत नाही, ते आत मुरते, गुहा कोरते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. हे एकदा ध्यानात घेतले की येथल्या सगळ्या वाटांचा उलगडा होतो.

पहिल्या चढाईसाठी बाड उराख घ्या. श्टुटगार्टहून ट्युबिंगेनच्या गाडीने मेत्सिंगेन, तेथे गाडी बदलून पुढे 'बाड उराख वासरफाल' या छोट्या थांब्यावर उतरायचे. ओढ्याकाठच्या सपाट वाटेने धबधब्याखाली पोहोचता येते. पाणी ३७ मीटर कोसळते, आणि त्या पाण्यातली चुनखडी शेवाळावर साचत जाऊन खालचा खडक हळूहळू वाढत असतो. जवळ जाऊन पाहा, शेवाळाचा आकार तसाच राहून त्याचा दगड झालेला दिसेल. नंतर पायऱ्यांनी वर, कड्याच्या धारेवरून फेरा घालून होहेनउराखच्या पडक्या किल्ल्यावर जाता येते. तटावर उभे राहून खालचे गाव पाहताना तुम्हाला घरची आठवण होईल, हे खात्रीने सांगतो.

खुणांची चिंता करू नका. श्वेबिशर आल्बफराइन ही पदभ्रमण करणाऱ्यांची संस्था १८८८ पासून या वाटा जपत आली आहे. झाडांवर रंगीत त्रिकोण आणि नाक्यानाक्यावर अंतर लिहिलेल्या पाट्या असतात. चिंता करायची ती परतीची. खेड्यांतल्या बस रविवारी फार विरळ असतात, आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. निघण्यापूर्वी परतीच्या दोन गाड्या पाहून ठेवा. जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये केवळ डॉइचलांड टिकेटवर चालणाऱ्या गाड्या दाखवण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. रुळांची कामे असली की मध्येच रेल्वेऐवजी बस धावते, आणि पुढची गाडी चुकण्याचा संभव असतो.

उल्मला गेलात तर पुढे थोड्याच अंतरावर ब्लाउबॉयरेन आहे. तेथला ब्लाउटॉप्फ हा २० मीटरांहून खोल झरा इतका निळा आहे की फोटोत तो खरा वाटत नाही. गावातल्या संग्रहालयात जवळच्या गुहेत २००८ मध्ये सापडलेली मॅमथच्या दातातली स्त्रीमूर्ती आहे. या खोऱ्यांतल्या गुहांमध्ये सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या बासऱ्याही मिळाल्या, आणि २०१७ पासून त्या गुहा जागतिक वारसा यादीत आहेत.

खाण्याचे म्हणाल तर दशम्या, चटणी आणि थर्मासमधला चहा यांना तोड नाही. कड्यावरच्या बाकांवर येथले लोकही घरून आणलेलेच खातात. गावात जेवायचे असेल तर 'केझश्पेट्सलं' मागा, म्हणजे चीज घातलेल्या अंड्याच्या शेवया. 'माउलटाशन' मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, आत बहुधा मांस असते. दाराबाहेर झाडू टांगलेली द्राक्षबागायतदारांची हंगामी खानावळ दिसली तर जरूर जा आणि जवळ रोख पैसे ठेवा.

गोदातीर

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत असूनही तुमच्या यजमानांची बाजू मांडतो. तीन वर्षे पाहता पाहता संपतात, आणि नाशिकला परतल्यावर आम्हाला मोठ्या शहरांची जी आठवण राहिली ती मोलाची आहे. त्यासाठी रजाही फार लागत नाहीत, सुट्यांचे पंचांग नीट वाचावे लागते. ईस्टरला शुक्रवार ते सोमवार अशी सलग सुटी असते. 'हिमेलफार्ट' आणि 'फ्रोनलाइशनाम' हे दोन्ही ख्रिस्ती सण दरवर्षी गुरुवारीच येतात, त्यामुळे पुढच्या शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस हाती लागतात. श्टुटगार्टहून पॅरिसला थेट वेगवान गाडी सव्वातीन तासांच्या आत पोहोचते. याच दिवसांत सगळा देश प्रवासाला निघतो, म्हणून तिकिटे काही महिने आधी काढावीत.

कागदपत्रांविषयी. निवासपरवान्याचे कार्ड आणि पासपोर्ट यांवर शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटातील, इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येते. स्वित्झर्लंड यात येते, क्रोएशिया २०२३ पासून आले आहे. ब्रिटन आणि आयर्लंडसाठी मात्र स्वतंत्र व्हिसा लागतो. दोन्ही कागद मूळ प्रतीत जवळ ठेवा. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली, आणि पोलीस गाडीत चढून पासपोर्ट मागतात तेव्हा फोनमधला फोटो उपयोगी पडत नाही. कार्डाची मुदत संपत आली असेल आणि मधल्या काळासाठी तात्पुरता दाखला मिळाला असेल, तर त्यावर देशाबाहेर जाता येते का हे परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतात, आणि युरोपीय संघाची मोफत रोमिंग तेथे आपोआप लागू होत नाही, हेही पाहून ठेवा.

तुम्हा दोघांचे एकमत व्हावे असे एक ठिकाण सुचवतो : स्ट्रासबुर्ग. प्रादेशिक गाड्यांनी कार्ल्सरूहे आणि ऑफेनबुर्गमार्गे केलला पोहोचा, वेगवान गाडीपेक्षा वेळ दुप्पट लागेल. केलहून ट्राम ऱ्हाइन ओलांडून थेट फ्रान्समध्ये नेते. ही सोय २०१७ पासून आहे आणि तिचे तिकीट वेगळे काढावे लागते. तेथील कॅथीड्रल १४२ मीटर उंच आहे आणि १६४७ ते १८७४ या काळात जगातली सर्वांत उंच इमारत तेच होते.

शेवंता

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत याबद्दल आभार. नेकारकाठताई, तुमचा प्रतिसाद मी ह्यांनाही वाचून दाखवला. या गुरुवारी एकटीच रोटेनबर्गला जाऊन येते, आणि हिमेलफार्टच्या सुटीत पॅरिस असे ठरत आहे. आणखी एक विचारते : जूनमध्ये सासूबाई आणि सासरे महिनाभर येणार आहेत. सासूबाईंना चढ जमत नाही. त्यांच्यासाठी तिकीट आणि जागा कोणत्या?

नेकारकाठ

दोनतीनच सहली होणार असतील तर त्यांना मासिक तिकीट घेऊ नका. 'बाडेन-व्युर्टेमबेर्ग टिकेट' हे दिवसाचे तिकीट पाच जणांपर्यंत एकत्र निघते आणि राज्यभरातल्या प्रादेशिक गाड्यांत चालते. त्यावर तुमची नावे नाही घातली तरी चालेल, कारण तुम्हा दोघांकडे स्वतःची तिकिटे असतील. कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतर लागू होते, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. शहरातल्या शहरात फिरण्यासाठी श्टुटगार्टचे स्थानिक दिवसाचे तिकीट पुरते.

जूनमध्ये विल्हेल्मा ही बाग सर्वांत सोयीची. ट्राम दाराशी सोडते, प्राणी आणि वनस्पती दोन्ही आहेत, बाकडी भरपूर आहेत. वरच्या भागात चढ आहे, तिकडे सासऱ्यांना घेऊन तुम्ही जा आणि सासूबाईंना कमळांच्या तळ्यापाशी बसू द्या. ट्युबिंगेनला नेकारमध्ये बांबूसारख्या लांब काठीने रेटत नेण्याच्या सपाट होड्या असतात, त्यात बसवून आणा. होडीत उतरताना हात धरावा लागतो एवढेच. बोडनझे सरोवर त्यांना दाखवावेसे वाटेल, पण एका दिवसात जाऊन येण्याचा प्रवास ज्येष्ठांना शिणवतो, तेव्हा मेअर्सबुर्ग किंवा कोन्स्टान्झला एक रात्र राहा. तेथल्या बोटींचे भाडे या तिकिटात येत नाही, ते वेगळे धरा.