ताबा कोणाचा आणि बुडतं कोण

वर एकांनी लिहिलंय की माणूस निसर्गापुढे दुबळा आहे म्हणूनच त्याने निसर्गावर ताबा मिळवला, त्यात चूक काय. दुबळा आहे हे पटतंच, पण यातला माणूस म्हणजे नक्की कोण? मुंबईतल्या मिठी नदीचंच घ्या ना, विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला काटकोनात वळवली, खाली तिवरं आणि खाजण (भरतीच्या पाण्याची दलदल) भरून बांद्रा-कुर्ला संकुल उभं केलं, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, त्यात भरती, तेव्हा ते पाणी शिरलं कुर्ल्यातल्या वस्त्यांत. आम्ही तळमजल्यावर होतो. आजीला कसंबसं माळ्यावर चढवलं, खाली तांदळाचा डबा तरंगत होता, आणि ओल्या गाद्यांचा तो वास महिनाभर घरातून गेला नाही. शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात त्याच दिवशी ७५ मिमीसुद्धा पाऊस नव्हता!

म्हणजे ताबा एकाचा आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या घरात. नंतर उपाय म्हणून काय केलं तर नदीला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती, म्हणजे परत ताबाच. नदीला जागा सोडा असं मीही म्हणते, पण काठावरच्या लोकांना घरं कुठे देणार ते आधी त्यांच्यासमोर बसून ठरवा.