क्रूझवर जाऊन आलेल्यांनो, अनुभव सांगा (मुरगावहून किंवा कुठूनही)

नमस्कार मंडळी. बाबांची सगळी नोकरी मुरगाव बंदरात गेली. पावसाळा सरला की परदेशी क्रूझ जहाजं धक्क्याला लागायची, त्यातले पाहुणे बसमध्ये बसून ओल्ड गोवा, मंगेशी करून संध्याकाळी परत चढायचे आणि बाबा घरी येऊन जहाजाचं नाव, लांबी, कुठल्या देशाचा झेंडा, सगळं आम्हाला सांगायचे. प्रवासी म्हणून मात्र ते कधीच चढले नाहीत. आता आईबाबांना एकदा तरी न्यायचंच असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. जाहिराती बघून काही कळत नाही, म्हणून जाऊन आलेल्यांकडून ऐकायचंय. दिवसभर नुसतं पाणी बघून कंटाळा येतो का, जेवणाचं काय, वयस्क माणसांना झेपतं का, बोट लागते का, आणि मुख्य म्हणजे तुमच्या मनात काय राहिलं. लांबलचक लिहा, संकोच नको.

साखळीहून

आम्ही मागच्या मोसमात लक्षद्वीपला गेलो, मुंबईहून आलेलं जहाज मुरगावला लागलं तिथे चढलो. पहिली गोष्ट सांगते, जहाज सुटायच्या वेळी केबिनमध्ये बॅगा उघडत बसू नका, सरळ वरच्या डेकवर जा. दोर सोडतात, टगबोटी जहाजाला हळूहळू धक्क्यापासून बाजूला घेतात आणि मग जुवारीचं मुख, पलीकडे दोना पावल, काबोचं राजभवन, अगदी लांब आग्वाद, म्हणजे ज्या जागांवर उभं राहून आपण लहानपणापासून समुद्र बघत आलो त्या सगळ्या जागा समुद्रातून दिसायला लागतात. मला तर रडूच आलं. आपलं गोंय इतकं हिरवं आहे हे पणजीच्या ट्रॅफिकमध्ये कधी जाणवत नाही.

बंदराबाहेर आल्यावर एक छोटी लाँच येऊन जहाजाला चिकटून चालायला लागली. जहाजाच्या बाजूचं एक दार उघडलं, दोराची शिडी खाली सोडली आणि एक माणूस पायरी पायरी उतरत अगदी खाली येऊन थांबला, लाटेवर लाँच वर आली त्या क्षणाला त्याने तिच्यात पाय टाकला, आणि दोन्ही बोटी चालूच होत्या! तो बंदराचा पायलट. इथल्या पाण्यातले खडक, गाळ, भरती-ओहोटी त्याला पाठ, म्हणून जहाज आत आणताना आणि बाहेर नेताना तो कप्तानाच्या शेजारी उभा असतो. एवढ्या मोठ्या जहाजाचं काम त्या एका शिडीवरच्या माणसावर चालतं हे बघून मुलगा कितीतरी वेळ तिथून हललाच नाही.

कंटाळ्याचं म्हणाल तर बंदर नसलेला दिवस आम्हाला सगळ्यात जास्त आवडला. गोव्याजवळ पाणी मातकट हिरवं असतं कारण मांडवी-जुवारी गाळ आणून टाकतात, सकाळी उठून बघितलं तर गर्द निळं झालेलं. मधेच उडत्या माशांचा थवा जहाजाला घाबरून पाण्यावरून सुळकन लांबपर्यंत जायचा. आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर पोचल्यावर तर काय बोलायचं, ती बेटं प्रवाळाची, नदी एकही नाही, त्यामुळे गाळच नाही, तळाची पांढरी वाळू वरून दिसते. काचेच्या तळाच्या होडीतून आम्ही कासवं बघितली, समुद्री गवत खात होती, आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही त्यांनी. फक्त एक, बेटावर वेळ फार थोडा मिळतो. ज्यांना लक्षद्वीप नीट बघायचंय त्यांनी तिथे राहायला जावं, क्रूझ ही समुद्रासाठी करायची असं माझं ठाम मत आहे.

म्हापशाहून

साखळीच्या ताईंशी सहमत. मी खाण्यापिण्याचं लिहितो. शाकाहारी, जैन सगळं मिळतं, चांगलं गरम मिळतं, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत काही ना काही चालूच असतं. पण नुस्तं (आपली मासळी) म्हणजे बिनकाट्याचा पांढरा तुकडा, बांगडा-हुमण (माशांची आमटी)-सोलकढी मनातून काढूनच चढा. चहा मशीनचा. आमच्या आईने तिसऱ्यांदा तो चहा परत केल्यावर एका पोराने आतून तिच्यासाठी आलं घातलेला उकळून आणला, चौकशी केली तर तो आपल्या गोव्यातला, काणकोणचा निघाला! मग रोज तिला शोधत यायचा.

पैशाचं एक सांगतो. जहाजात रोख चालत नाही, केबिनच्या कार्डावर सगळं चढतं आणि शेवटी बिल येतं, त्यामुळे मुलांच्या कार्डावर खर्च बंद करून ठेवा, रिसेप्शनवर सांगितलं की करतात. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकायचाच, किनाऱ्याची रेंज गेली की फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि ते सॅटेलाईटवरून चालतं, रोमिंगचे दर घाम फोडणारे.

वास्कोहून

मी तारवटी आहे, बोटीवर नोकरी करणारा, म्हणजे उलट्या बाजूचा माणूस. वीसेक वर्षं वेगवेगळ्या देशांच्या क्रूझवर काम केलं, कॅरिबियनमध्ये जास्त. आमच्या वाड्यावर दर दोन-तीन घरांमागे एक जण बोटीवर आहे, सासष्टी तालुक्यात तर विचारूच नका. तुम्ही सगळे वरच्या मजल्यांबद्दल लिहिताय म्हणून खालचं थोडं लिहितो.

पाण्याच्या पातळीच्या आसपास एक लांबच लांब रस्ता असतो, जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुष्कळ जहाजांवर त्याला अमेरिकेतल्या हायवेवरून आय-नाईन्टीफाईव्ह म्हणतात. तिथून भाजी, कपडे, कचरा, माणसं सगळं पळत असतं. भारतीय, फिलिपिनो, इंडोनेशियन पोरं त्याच रस्त्यावर एकमेकांना भेटतात. सहा ते नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, रोज दहा-अकरा तास काम, आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नाही, दोघांत एक छोटी केबिन, तिला खिडकी नाही. चवथीला (गणपतीला) घरी असणं नशिबाची गोष्ट. माझ्या मुलीने पहिलं पाऊल टाकलं ते मी फोनवर बघितलं, तेही बंदरात उतरून वायफाय शोधून. पगाराने घर झालं, भावाचं शिक्षण झालं, त्याबद्दल समुद्राचा मी ऋणी आहे, तक्रार म्हणून लिहीत नाही. पण केबिन साफ करणाऱ्या पोराला नावाने हाक मारा. एवढं केलंत तरी त्याचा दिवस बरा जातो, हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरं, ड्रिल, म्हणजे संकटकाळी काय करायचं त्याचा सराव, टाळू नका. सात छोटे आणि एक लांब भोंगा झाला की आपल्या नेमलेल्या जागी जमायचं. लोक बारमध्ये ग्लास धरून बसून राहतात, मला त्याचा फार राग येतो. 2012 च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, 32 माणसं गेली, आणि त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं कारण तेव्हा ते चोवीस तासांत केलं तरी चालायचं. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या करावंच लागतं. बाबांना सांगा, बंदरात काम केलेल्या माणसाला हे पटेल.

पणजीहून

आम्हा म्हाताऱ्यांची क्रूझ म्हणजे कोकण बोट. रोहिणी, चंद्रावती, पुढे कोकण सेवक, ही नावं ज्यांना आठवतात त्यांनी हात वर करा. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला. खालच्या डेकवर चादर टाकून जागा धरायची, शेजारी कोणाच्या फणसाचं पोतं, कोणाची कोंबडी, इंजिनाचा आणि सुक्या मासळीचा वास एकत्र. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत यायची. काही ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे, मग पडाव (छोट्या होड्या) यायचे आणि बायका एका हाताने मूल धरून, दुसऱ्या हाताने खलाशाचा हात धरून त्या हलत्या पडावात उतरायच्या. पावसाळ्यात सेवा बंद. मांडवीत शिरताना रेइश मागुशचा किल्ला दिसला की आजी हात जोडायची.

नातवाने 2018 साली सुरू झालेल्या आंग्रिया क्रूझवरून मुंबईहून आणलं होतं, झोपायला स्वच्छ कप्पे, वर तरणतलाव, सगळं छान. पण मी रात्रभर कठड्याशी बसून किनाऱ्यावरचे दिवे मोजत होतो, हा जयगड असेल, हा देवगड असेल. नातू म्हणाला आजोबा झोपा की. कसा झोपणार, आमचं अर्धं आयुष्य त्या दिव्यांच्या रांगेत आहे.

मडगावहून

आम्ही सिंगापूरहून पेनांग-फुकेत केलं, मुलांच्या सुट्टीमुळे मे अखेर. पेनांग अप्रतिम, धक्का जॉर्ज टाऊनला लागूनच आहे, चालत गेलो, जुनी चिनी घरं, तमिळ वस्ती, देवळं, मशिदी सगळं एकाच गल्लीबोळात, 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे ते शहर. नंतर मात्र फुकेत हुकलं. तिथे आमचं जहाज बाहेर नांगर टाकणार होतं आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेणार होते, लाट मोठी म्हणून कप्तानाने रद्द केलं. त्याचा निर्णय शंभर टक्के बरोबर, नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की अंदमानचा समुद्र आपल्या अरबी समुद्रासारखाच खवळतो. राग याचा आला की बुकिंग करणाऱ्या एजंटने ही शक्यता एका शब्दाने सांगितली नव्हती आणि कंपनीने परत काय दिलं तर फक्त बंदर शुल्क. तेव्हा महिना बघून बुकिंग करा, आणि जिथे जहाज धक्क्याला लागतं अशी बंदरं निवडा, विशेषतः आईबाबा बरोबर असतील तर.

पेडण्याहून

वयस्क माणसांबद्दल विचारलंय म्हणून लिहिते, सासूबाईंना (गुडघे दोन्ही बाजूंचे गेलेले) घेऊन गेलो होतो. जहाजात लिफ्ट आहेत, व्हीलचेअर आधी सांगितली तर मिळते, बाथरूमचा उंबरठा मात्र उंच असतो, रात्री दिवा लावून ठेवा. लक्षद्वीपला जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबतं आणि जहाजातून हलत्या होडीत पाऊल टाकावं लागतं, तिथे दोन माणसं धरतात तरी सासूबाई नको म्हणाल्या आणि दिवसभर डेकवर खुर्ची टाकून बसल्या. आम्ही परत आलो तेव्हा जहाजावरच्या चार-पाच आज्यांचा अड्डा जमलेला, एकीचं माहेर वेंगुर्ल्याचं, नातं पण निघालं म्हणे! लक्षद्वीपसाठी आपल्याला परमिट लागतं, ते आयत्या वेळी मिळत नाही, बुकिंगच्या वेळीच कागद द्या.

बोट लागण्याचं: कान सांगतो हलतोय, डोळा सांगतो केबिन स्थिर आहे, त्या भांडणाने मळमळतं, म्हणून बाहेर येऊन क्षितिजाकडे बघत बसलं की बरं वाटतं. केबिन मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, टोकाला आणि उंचावर हेलकावा जास्त, बाल्कनीच्या मोहात वरची घेऊ नका. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, आधी घ्यायची, आणि बाबांना बीपीची औषधं चालू असतील तर कुठली चालेल ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच. रिकाम्या पोटी राहू नका, सुकी भाकरी किंवा बिस्किट, आलेपाक जवळ ठेवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडचा समुद्र शांत असतो, सासूबाईंना काहीच झालं नाही.