मदत हवी आहे: जुनी पद्मिनी गाडी घेण्याआधी तिचं इंजिन कसं तपासू?

नमस्कार मंडळी,

सांगलीत १९८६ ची प्रीमियर पद्मिनी बघितली. पेट्रोल, १०८९ सीसी. पत्रा बरा आहे. पण मी पोचलो तेव्हा बॉनेट आधीच गरम! मालकांनी गाडी तापवून ठेवलेली, हे जरा खटकलं; थंड इंजिन चालू करताना दिसणारे दोष त्यात लपतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत दाबला की निळसर धूर येतो. मालक म्हणतात, "जुन्या गाडीत एवढं चालायचंच." हे व्हॉल्व्ह गाइडचं (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) दुखणं की पिस्टनच्या रिंगा गेल्यात?

रविवारी थंड इंजिनावर बघणार आहे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजताना सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून आकडा वाढला तर रिंगा गेलेल्या, एवढं कळतं. पण चार सिलिंडरांत फरक किती चालतो? बोअर करावंच लागलं (म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करावे लागले) तर त्यात बसणारे ओव्हरसाइज पिस्टन हल्ली मिळतात का? तिकडचा कार्बोरेटरवाला जुना मिस्त्री कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.