सत्ताधारी पक्षाचा पराभव आणि पक्षपद्धतीतील बदल यांतील फरक कसा ओळखावा?

सोलापूरचा_अध्यापक

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. एकपक्ष, द्विपक्ष आणि बहुपक्ष अशी पक्षपद्धतींची विभागणी आपण फळ्यावर तीन रकाने आखून शिकवतो, आणि मुलांच्या मनात हे रकाने कायमचे आहेत असा समज रुजतो. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, एखादा देश एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात केव्हा जातो?" त्याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही.

इटलीत ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष महायुद्धाच्या अखेरीपासून जवळजवळ अर्धशतक प्रत्येक सरकारात होता आणि १९९४ च्या जानेवारीत तो विसर्जित झाला. त्याआधी तीनच महिने कॅनडात सत्ताधारी पक्ष बहुमतावरून दोन जागांवर आला होता. उलट अनेक देशांत मोठे पक्ष दारुण पराभव पचवून पुढच्या निवडणुकीत उभे राहतात. पराभव हा पराभवच आहे की व्यवस्थाच मोडली आहे, हे त्या वेळी कशावरून ओळखावे? निवडणुकीचे नियम बदलले म्हणजे पक्षपद्धती बदलते, हे पाठ्यपुस्तकी उत्तर मला अपुरे वाटते. त्या त्या देशांत राहिलेल्या सभासदांनी लिहिल्यास मला वर्गात ते उपयोगी पडेल.

मिलानकर

अध्यापक महोदय, गेली सोळा वर्षे मी मिलानमध्ये राहतो. कामाला जाताना माझ्या वाटेवर पिओ आल्बेर्गो त्रिवुल्त्सिओ हा जुना वृद्धाश्रम लागतो. १७ फेब्रुवारी १९९२ रोजी त्याचे अध्यक्ष मारिओ किएझा यांना ७० लाख लिरांची लाच घेताना अटक झाली. साफसफाईचे कंत्राट असलेल्या एका लहान व्यावसायिकाने खुणा केलेल्या नोटा नेऊन दिल्या होत्या. आजच्या हिशेबाने ही रक्कम अगदी किरकोळ आहे. किएझा समाजवादी पक्षाचे होते. त्यांचे नेते बेत्तिनो क्राक्सी यांनी त्यांना 'भुरटा' ठरवून झटकून टाकले, आणि त्यानंतर किएझा बोलू लागले. पुढच्या दोन वर्षांत तपासाचे धागे जवळजवळ प्रत्येक सत्ताधारी पक्षाच्या तिजोरीपर्यंत पोहोचले. ३० एप्रिल १९९३ रोजी रोममधील हॉटेलाबाहेर जमावाने क्राक्सींवर नाण्यांचा मारा केला.

परंतु केवळ भ्रष्टाचार उघडकीस आल्यामुळे हे पक्ष बुडाले, असे म्हणणे मला पटत नाही, कारण लाचखोरी लोकांना आधीही ठाऊक होती. १९७६ मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला सुमारे ३८ टक्के आणि कम्युनिस्टांना ३४ टक्के मते मिळाली. त्या निवडणुकीपूर्वी पत्रकार इंद्रो मोन्तानेल्ली यांनी वाचकांना आवाहन केले होते की नाक दाबा, पण मत ख्रिश्चन डेमोक्रॅटांनाच द्या. लाखो लोक खरोखरच नाक दाबून मत देत होते, कारण पलीकडे पश्चिम युरोपातील सर्वांत मोठा कम्युनिस्ट पक्ष उभा होता. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि १९९१ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने नाव, चिन्ह आणि धोरण बदलले. त्याबरोबर नाक दाबण्याचे कारणही संपले. किएझा प्रकरण दहा वर्षे आधी घडले असते, तर एखाद्या मंत्र्याच्या राजीनाम्यावर ते निभावले असते, असे माझे मत आहे.

नियमांचा बदल त्यानंतरचा आहे. एप्रिल १९९३ च्या सार्वमतात ८० टक्क्यांहून अधिक मतदारांनी जुन्या प्रमाणशीर पद्धतीविरुद्ध कौल दिला, आणि मग तीन चतुर्थांश जागा एकसदस्य मतदारसंघांतून भरण्याचा कायदा झाला. म्हणजे जुनी घडी आधी विस्कटली आणि नियम तिच्या मागोमाग बदलले. त्या कायद्याचे शिल्पकार सेर्जिओ मात्तारेल्ला स्वतः ख्रिश्चन डेमोक्रॅट होते, आणि २०१५ पासून तेच इटलीचे राष्ट्राध्यक्ष आहेत. पक्ष संपला, पण त्यात घडलेली माणसे नंतरच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही आघाड्यांत विखुरली आणि तिथे त्यांनी देशाचे राजकारण चालवले. आपल्या विद्यार्थिनीला हे अवश्य सांगावे.

टोरांटोवासी

कॅनडाचे नागरिकत्व मिळाल्यावर मी पहिले मत दिले ते २५ ऑक्टोबर १९९३ रोजी. मतपत्रिकेवर नावासमोरच्या पांढऱ्या वर्तुळात पेन्सिलीने फुली करायची, इतकी साधी ती पद्धत होती आणि आजही आहे. नियम तसूभरही बदलले नव्हते. तरीही त्या रात्री प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष दोन जागांवर आला आणि पंतप्रधान किम कॅम्पबेल स्वतःच्या मतदारसंघात पराभूत झाल्या.

यातील आकडे नीट पाहावेत. त्या पक्षाला १६ टक्के, म्हणजे २१ लाखांहून अधिक मते मिळाली होती. ब्लॉक केबेक्वाला त्याहून कमी, साडेतेरा टक्के मते होती. पण ती सगळी एकट्या फ्रेंचभाषक केबेक प्रांतात एकवटल्यामुळे त्यांना ५४ जागा मिळाल्या आणि देश फोडू इच्छिणारा पक्ष अधिकृत विरोधी पक्ष झाला. पश्चिमेकडे रिफॉर्म पक्षाने ५२ जागा घेतल्या. आमच्या ऑन्टारिओत ९९ पैकी ९८ जागा लिबरल पक्षाकडे गेल्या. सत्ताधाऱ्यांची मते देशभर पातळ पसरलेली होती, आणि 'ज्याला सर्वाधिक मते तो विजयी' या नियमात असे पातळ पसरणे जीवघेणे ठरते.

मूळ दुखणे मात्र जुने होते. याच सत्ताधारी पक्षाचे आधीचे पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांनी केबेकचे राष्ट्रवादी आणि पश्चिमेकडील नाराज मतदार यांची मोट बांधून १९८४ आणि १९८८ जिंकले होते. केबेकला विशेष स्थान देणारा मीच लेक करार १९९० मध्ये फसला, १९९२ चे घटनादुरुस्तीवरचे शार्लटटाउन सार्वमतही हरले, आणि मोटेच्या दोन्ही टोकांना आपापला स्वतंत्र पक्ष मिळाला. एकाला जे द्यावे ते दुसऱ्याला खुपणार, अशी ही मोट फार काळ टिकणारी नव्हतीच. उजव्या बाजूचे दोन तुकडे, म्हणजे प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह आणि रिफॉर्मचा वारसदार पक्ष, २००३ मध्ये पुन्हा एकत्र आले आणि २००६ मध्ये स्टीफन हार्पर पंतप्रधान झाले. पण केबेकचा पक्ष आजही संसदेत आहे. पराभवानंतर मतदार जुन्या घरी परततात की त्यांना नवे घर सापडलेले असते, यावरून फरक ओळखावा, असे मला वाटते.

वेलिंग्टनवरून

नियमांबद्दल थोडी भर घालतो, कारण न्यूझीलंडमध्ये नेमके उलटे घडले. १९७८ आणि १९८१ मध्ये लेबर पक्षाला नॅशनल पक्षापेक्षा अधिक मते मिळूनही सत्ता नॅशनलकडेच राहिली. १९८१ मध्ये सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला २० टक्क्यांहून अधिक मते आणि जागा फक्त दोन मिळाल्या. या अन्यायाची बोच लोकांना इतकी लागली की १९९३ च्या सार्वमतात त्यांनी मिश्र प्रमाणशीर पद्धत (काही जागा मतदारसंघांतून, बाकीच्या पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात) स्वीकारली आणि १९९६ पासून ती लागू झाली. इथे कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या परदेशी नागरिकालाही वर्षभर राहिल्यावर मत देता येते, त्यामुळे भारतीय पारपत्र खिशात ठेवून मी मतदान केले आहे. मतपत्रिकेवर दोन रकाने असतात: डावीकडे पक्षाला मत, उजवीकडे स्थानिक उमेदवाराला. पहिल्यांदा ती हातात घेतली तेव्हा मी बराच वेळ नुसता पाहत उभा होतो, कारण एका पक्षाला आणि दुसऱ्याच पक्षाच्या उमेदवाराला मत देण्याची मोकळीक मला आयुष्यात प्रथमच मिळत होती.

असे असूनही दोन जुने मोठे पक्ष मेले नाहीत. २०२० मध्ये लेबरला १२० पैकी ६५ जागा मिळाल्या आणि तीनच वर्षांत ते ३४ वर आले. तरी लेबरची व्यवस्थेतील जागा कोणी घेतलेली नाही. बदलली ती सरकार बनवण्याची रीत: आता बहुतेक वेळा छोट्या पक्षांशी वाटाघाटी केल्याशिवाय पंतप्रधान ठरत नाही. नियमांमुळे पक्षांची संख्या आणि सौदेबाजी बदलते, पण पक्षाचा प्राण त्यांच्यात नसतो.

सोलापूरचा_अध्यापक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पक्षाला बांधून ठेवणारे कारण संपले की पक्ष संपतो, असे यावरून दिसते. मग ज्या प्रश्नावर पक्ष जन्मला तो प्रश्नच सुटल्यावर काही पक्ष टिकतात, ते कशामुळे? संयुक्त महाराष्ट्र समिती १ मे १९६० नंतर टिकली नाही. १९५७ मध्ये काँग्रेसला घाम फोडणारी ही आघाडी फुटली आणि १९६२ मध्ये काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या.

फोंडेकर

सर, याचे उत्तर गोव्यात सापडेल. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने डिसेंबर १९६३ ची पहिली निवडणूक महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या मागणीवर जिंकली आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरण सुमारे ३४ हजार मतांनी फेटाळले गेले. मागणी मेली, पण दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत मगो पक्षच पुन्हा सत्तेवर आला आणि १९७९ पर्यंत राहिला. उलट कौल जिंकणारा युनायटेड गोवन्स पक्ष १९७७ पर्यंत काँग्रेस आणि जनता पक्षात विरघळला.

आमच्या घरात माझे आजोबा कूळ म्हणून भाटकाराची जमीन कसत होते. विलीनीकरणाविषयी त्यांना फारसे काही वाटत नव्हते. गावात मराठी शाळा उघडली आणि कुळाला कायद्याचे संरक्षण मिळाले, हे त्यांनी पाहिले होते, आणि म्हणून ते शेवटपर्यंत मगोच्या सिंह या चिन्हावर शिक्का मारत राहिले. समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे आपापले स्वतंत्र घर असलेले पक्ष एका मागणीपुरते एकत्र आले होते. मागणी पूर्ण होताच प्रत्येकाला परतायला जागा होती. मगोच्या मतदारांना, म्हणजे कुळे, मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे) आणि देवळाबाहेर ठेवलेला बहुजन समाज यांना, त्या काळी दुसरे घर नव्हते. टोरांटोच्या सभासदांनी घराची जी कसोटी सांगितली, ती इथेही लागू पडते. पुढे काँग्रेसने आणि नंतर भाजपने याच मतदारांना आपल्या घरात घेतले. मगो आजही विधानसभेत आहे, पण २०२२ मध्ये त्याच्या वाट्याला ४० पैकी दोन जागा आल्या.