जुन्या कादंबरीच्या पानांतून नवी गोष्ट काढतेय, पण ती पुढे सरकत नाहीये

कागदवेडी:
शिवण सुटलेली, पिवळी पडलेली एक जुनी कादंबरी हाताशी आहे. पानावरचे मोजके शब्द ठेवायचे, बाकी सगळं रंगवून टाकायचं आणि उरलेल्यातून वेगळीच गोष्ट उभी करायची असं चाललंय. सुटी पानं मस्त होतात हो, पण प्रत्येक पान म्हणजे एक वेगळी कविता होऊन बसते. पात्र या पानावरून पुढच्या पानावर न्यायचं कसं? शिवाय रंग लावला की कागद फुगतो, त्याला काय करता?

रेघोट्या:
आधी ब्रिटिश चित्रकार टॉम फिलिप्सचं 'अ ह्युम्युमेंट' हे पुस्तक बघ!! 1966 मध्ये त्याने मॅलक नावाच्या लेखकाची 1892 सालची एक कादंबरी तीन पेन्सला विकत घेतली आणि पानन् पान रंगवत गेला, शेवटची आवृत्ती आली 2016 मध्ये, म्हणजे 50 वर्षं एकच पुस्तक, आणि मधल्या आवृत्त्यांत जुनी पानं काढून तीच पुन्हा नव्याने केली. त्याच्या नायकाचं नाव टोज, ते 'टुगेदर' (together) या इंग्रजी शब्दाच्या पहिल्या चार अक्षरांतून (toge) आलंय. 'टुगेदर' किंवा 'ऑलटुगेदर' पानावर असेल तरच टोज येणार, नाहीतर नाही. या एका नियमानेच तो पात्र म्हणून लक्षात राहतो.
तूही असंच कर. 'सुमारास' मधून 'सुमा' काढ. जिथे 'सुमारास' किंवा 'सुमारे' सापडेल तिथेच ती येईल, मधल्या पानांवर लोक तिची वाट बघतील नाहीतर तिच्याविषयी बोलतील. फक्त वरची रेघ सलग असते ना, ती 'मा' नंतर बारीक ब्रशने तोडावी लागते, नाहीतर डोळा पूर्ण शब्दच वाचतो.

पानगळ:
मला उलटी वाट जास्त पटते. ब्रिटिश कलाकार ग्रॅहम रॉलने 'वुमन्स वर्ल्ड' (2005) ही कात्रणांची कादंबरी करताना गोष्ट आधी लिहून काढली आणि मग 1960 च्या दशकातल्या बायकांच्या मासिकांतले तुकडे शोधून त्यात बसवले, जवळजवळ 40,000 कात्रणं! कथानक हातात असलं की भरकटायला होत नाही. अर्थात तुला एकाच पुस्तकात राहायचंय म्हणजे रेघोट्या म्हणतात तेच बरं, पण निदान शेवट कुठल्या पानावर ते आधी ठरव.
कागदाचं म्हणशील तर वॉटरकलर नकोच, पाणी पिऊन पान वाकडंतिकडं होतं. जेसोचा (रंगाआधी लावायचा पांढरा अस्तर-लेप) अगदी पातळ हात दे, वाळू दे, मग अ‍ॅक्रिलिक. ठेवायच्या शब्दांभोवती आधी हलक्या पेन्सिलने चौकट आख. दोन पानांमध्ये मेणकागद ठेव, नाहीतर चिकटतात. आणि अधूनमधून काही पानं मुळापासून कापून काढच, रंगाने जाड झालेल्या पानांना तेवढी जागा लागतेच.

कागदवेडी:
सुमा घेतली!! पहिल्या प्रकरणातच 'रात्रीच्या सुमारास' सापडलं, आणि त्याच ओळीत पुढे 'दार' पण आहे. मेणकागद आणते आणि शेवटच्या प्रकरणात ती कुठे कुठे येते ते आधी शोधून ठेवते.