मादागास्करमधील बुटक्या शॅमेलिऑनची छायाचित्रे त्यांना त्रास न देता कशी घ्यावीत?

नमस्कार.

येत्या डिसेंबरमध्ये, तिथला पावसाळा सुरू झालेला असताना, मी उत्तर मादागास्करमधील माँतान्य दाँब्र राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात चार दिवस राहणार आहे. पालापाचोळ्यात वावरणारे ब्रुकेसिया प्रजातीचे बुटके शॅमेलिऑन पाहणे हाच या प्रवासाचा मुख्य हेतू आहे. आपल्याकडचा शॅमेलिऑन, म्हणजे सरडगुहिरा, हिरवा आणि झाडांवर राहणारा; हे मात्र वाळक्या पानाच्या रंगाचे असतात, आणि तिथला ब्रुकेसिया ट्युबर्क्युलाटा तर शेपटीसकट जेमतेम तीन सेंटिमीटर भरतो. दिवसा ते पानांतून वेगळे दिसत नाहीत आणि नकळत त्यांच्यावर पाय पडण्याची भीती असते; रात्री मात्र ते वीतभर उंचीच्या काटकीवर किंवा रोपट्यावर चढून झोपतात, तेव्हा विजेरीच्या उजेडात सापडतात. उद्यानाच्या आत रात्री फिरण्यास मनाई असल्याने हे निरीक्षण वाटाड्यासोबत सीमेलगतच्या रस्त्यावरूनच करावे लागेल.

गेल्या वर्षी मादागास्करमधल्याच रानोमाफाना उद्यानाजवळ अशाच फेरीत वाटाड्याने झोपलेला ब्रुकेसिया सुपरसिलिआरिस उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तो पाय पोटाशी घेऊन कुशीवर कलंडला आणि मेल्यासारखा निपचित पडून राहिला. हा त्याचा बचावाचा उपाय आहे, म्हणजेच तो घाबरला होता, हे मला नंतर समजले. ते छायाचित्र मी आजवर कोणालाही दाखवलेले नाही.

माझ्याकडे फुल फ्रेम कॅमेरा आणि १०० मिमीची मॅक्रो लेन्स आहे. एकास एक प्रमाणात (म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा प्राण्याच्या खऱ्या आकाराएवढी असताना) एवढासा प्राणी चौकट भरून टाकतो, परंतु लेन्सचे तोंड त्याच्यापासून साधारण १३-१४ सेंटिमीटरवर येते आणि लेन्सचे छिद्र लहान, म्हणजे एफ ११, ठेवूनही जेमतेम एक-दीड मिलिमीटर खोलीच स्पष्ट मिळते. म्हणून मी निम्म्या प्रमाणावर थांबून, थोडे दूर राहून, नंतर चित्र कातरावे का? डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) लावलेल्या फ्लॅशचा क्षणभराचा झोत त्याला कमी त्रासदायक ठरेल, की मंद एलईडीचा सलग उजेड? एका प्राण्यापाशी किती वेळ थांबणे योग्य मानता? कॅमेरा जमिनीलगत टेकवताना खालचा पालापाचोळा चिरडू नये यासाठी काय करता?

मादागास्करमध्ये, किंवा पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतील ऱ्हाम्फोलिऑन या तशाच बुटक्या शॅमेलिऑनवर, ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. शिवाय, प्राण्याला हात लावू नये ही विनंती वाटाड्याचा मान राखून, फेरी सुरू होण्यापूर्वीच फ्रेंचमध्ये कशी करावी, हेही कोणी सांगितले तर फार उपकार होतील.